केनियातलं प्रोजेक्ट चोपड्यात बसून बघता येईल का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी चोपडा तालुक्यातला, बीएस्सी ॲग्री झालंय, घरी केळी, कपाशी, मका. केनियात त्सावो नॅशनल पार्कच्या कडेला एका गटाचं काम आहे, शेती सुधारायची आणि हत्तींपासून पीकही वाचवायचं, त्यांना ऑनलाईन मॅनेज करायला व्हॉलंटियर पाहिजे, पगार नाही. मला जाम इच्छा आहे पण घरचे म्हणतात आधी आपलं ठिबक चोक झालंय ते बघ. घेऊ का?

उत्तर : घरच्यांचं काही खोटं नाही भाऊ, आधी ठिबकला ॲसिड सोड.

काम घे, पण निर्णय तिथल्याच लोकांना घेऊ दे. तुझ्या केळीला पाणी कधी द्यायचं हे नैरोबीतून कोणी फोनवर सांगायला लागलं तर तुझे वडील ऐकून घेतील का? त्यांचे पावसाळेच दोन, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, म्हणजे तुझ्याकडं कपाशीची वेचणी चालू असते तेव्हा त्यांचा दुसरा हंगाम, आपला अंदाज तिथं कुठून लागणार! मक्यावरची लष्करी अळी मात्र तू चांगली ओळखतोस, आपल्याकडं 2018 ला आली, आफ्रिकेत 2016 पासूनच आहे, पोंग्यातला (मधल्या कोवळ्या पानांतला) अळीच्या विष्ठेचा भुसा कसा दिसतो त्याचे फोटो बिनधास्त पाठव, फक्त औषधाचं नाव सुचवू नको, ते तिथल्या कृषी अधिकाऱ्याचं काम.

हत्तींसाठी त्या भागात मधमाश्यांचं कुंपण करतात. खांबांमध्ये दर दहा मीटरला पेटी टांगायची, सगळ्या तारेनं जोडायच्या, हत्तीनं तार ढकलली की पेट्या हलतात, माश्या उठतात आणि एवढं धूड मागं फिरतं. वर मध मिळतो तो वेगळा. पण दुष्काळात फुलोरा नसला की माश्या पेट्या सोडून जातात, मग नुसती तार राहते. इथं तुझा खरा उपयोग आहे: कुठल्या पेटीत माश्या आहेत, तार कुठं तुटली, हत्ती कुठून शिरला, हे तिथल्या पोरांनी कोबो टूलबॉक्स या मोबाईलवर माहिती नोंदवायच्या ॲपमध्ये भरायचं (रेंज नसली तरी भरता येतं, नंतर अपलोड होतं) आणि तू आठवड्याला ते नीट लावून त्यांनाच परत दाखवायचं. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागं, त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले साडेदहा, तोवर तुझी शेतातली चक्कर होऊन जाते.

पैशात पडू नकोस. परदेशी देणगीसाठी आपल्याकडं एफसीआरए 2010 कायदा आहे, तुझ्या खात्यावरून कोणाचा पैसा फिरवायचा नाही. तिथं मोबाईलवरून पैसे पाठवायचं एम-पेसा 2007 पासून आहे, मजुरी त्यांची ते देतील.

आणि हो, साक्रीतल्या बारीपाड्याला एकदा जाऊन ये. चैत्राम पवारांना 2025 ची पद्मश्री मिळाली ते गाव, तिथं जंगल राखायचे नियम गावानंच केले आणि पाळले. ते बघून मग त्या गटाला विचार की गावातला जबाबदार माणूस कोण, आणि तुझी केळीची कटाई चालू असेल तेव्हा तुझं काम कोण बघणार. दोन्हीला नाव सांगितलं तर तीन महिने ट्रायलवर हो म्हण.