कॉलेजच्या एड ऑफरवर अपील: जरूर करा, पण कागद हातात घेऊन

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलीला अमेरिकेतल्या दोन खासगी कॉलेजांत प्रवेश मिळालाय. पहिल्याच्या पत्राप्रमाणे वर्षाला ३८,००० डॉलर भरावे लागतील, दुसऱ्याच्या पत्राप्रमाणे ४०,०००. तिला पहिलंच हवंय. जानेवारीत मिस्टरांची नोकरी गेलीय, आणि घासाघीस केली तर कॉलेज प्रवेशच काढून घेईल अशी तुम्हाला धास्ती वाटते. ती धास्ती आधी मनातून काढा. जास्त मदत मागितली म्हणून प्रवेश रद्द होत नाही. फेरविचाराचे अर्ज हे एड ऑफिसचं (कॉलेजची आर्थिक मदत ठरवणाऱ्या ऑफिसचं) नेहमीचं काम आहे, आणि एप्रिलमध्ये तर त्यांचा ढीगच असतो. आपली माणसं नेमकी इथे कच खातात. छापील पत्र आलं की तोच शेवटचा शब्द समजतात, आणि ज्यांची परिस्थिती खरोखर बदललीय तेही गप्प बसतात. याचं मला फार वाईट वाटतं.

पण अपील लिहिण्याआधी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून हिशोब पुन्हा मांडा. तुम्ही दिलेल्या आकड्यांत पहिलं कॉलेज स्वस्त नाहीच. त्यांचा एकूण खर्च ८४,०००. त्यातून त्यांनी ग्रँट (फेडावी न लागणारी मदत) ३८,०००, फेडरल (केंद्र सरकारचं) लोन ५,५०० आणि वर्क-स्टडी २,५०० वजा करून ३८,००० उरवलेत. लोन म्हणजे फेडायचे पैसे. वर्क-स्टडी म्हणजे मुलगी लायब्ररीत किंवा मेसमध्ये काम करून वर्षभरात थोडे थोडे कमावणार ते पैसे. बिल भरताना ते हातात नसतात. म्हणजे खरा आकडा ४६,०००. दुसऱ्याचा खर्च ७२,००० आणि स्कॉलरशिप ३२,०००, लोन दाखवलेलंच नाही. तिथे खरोखरच ४०,०००. फरक वर्षाला ६,००० चा आहे, आणि तो दुसऱ्या कॉलेजच्या बाजूने आहे.

आता अपील. तुमच्याकडे मुद्दे दोन आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या दारांनी जातात. एकाच पत्रात त्यांची खिचडी करू नका.

नोकरीचा मुद्दा जास्त भक्कम. २०२६ च्या फॉल सत्रासाठी फॅफ्सामध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीच्या अर्जात, २०२४ चं उत्पन्न धरलं जातं, तेव्हा मिस्टरांचा पूर्ण पगार चालू होता. असं वास्तव बदललं असेल तर कागदपत्रं बघून आकडे बदलायचा अधिकार केंद्रीय कायद्याने कॉलेजच्या एड अधिकाऱ्याला दिलाय. त्याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. फोन करून हाच शब्द वापरा आणि त्यांचा फॉर्म आहे का ते विचारा, बहुतेक ठिकाणी असतो. काही कॉलेजं नोकरी जाऊन दोन-तीन महिने झाल्याशिवाय अर्ज घेत नाहीत, तेही तेव्हाच कळेल.

सोबत हे जोडा: शेवटच्या दिवसाची तारीख असलेलं कंपनीचं पत्र, शेवटची पे-स्लिप, बेरोजगारी भत्त्याचा कागद, आणि या वर्षी जानेवारी ते डिसेंबर घरात किती पैसे येतील याचा महिनावार अंदाज. सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीने दिलेली रक्कम) मिळाला असेल तर तो स्वतःहून दाखवा. तो मागाहून उघड झाला तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. पत्र एका पानाचं पुरे. ‘२०२४ मध्ये आमचं उत्पन्न इतकं होतं, यंदा इतकं होईल, कारण हे, पुरावे सोबत, आणि वर्षाला इतके डॉलर आणखी मिळाले तर मुलगी इथे येऊ शकेल.’ आकडा लिहाच. ‘जमेल तेवढी मदत करा’ असं लिहिलं तर समोरच्यालाही काही ठरवता येत नाही.

सासूबाईंच्या नाशिकच्या ऑपरेशनचा खर्च तुम्ही केलात, तोही याच पत्रात घाला. हॉस्पिटलचं बिल आणि तुमच्या खात्यातून पैसे गेल्याची नोंद दोन्ही लागतील. बिल मराठीत असेल तर भाषांतर करून द्या. मात्र एक गोष्ट आधी तपासा. सासू-सासरे राहतात तो फ्लॅट मिस्टरांच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय. राहतं घर सोडून बाकीची मालमत्ता, भारतातली धरून, फॅफ्सातही दाखवावी लागते आणि सीएसएस प्रोफाइलमध्येही (बरीच खासगी कॉलेजं मागतात तो वेगळा अर्ज). दाखवली नसेल तर अपीलच्या आधी दुरुस्ती करा. दाखवली असेल तर तिथे वृद्ध आई-वडील राहतात, भाडं येत नाही, विकता येत नाही, हे पत्रात लिहा. कॉलेज ते मानेलच असं नाही, पण न सांगता त्यांना कळणार तरी कसं?

मोठा मुलगा आधीच कॉलेजात आहे, त्याचंही सांगा. २०२४-२५ पासून फॅफ्साच्या गणितात दुसऱ्या भावंडामुळे सूट मिळत नाही, पण काही खासगी कॉलेजं स्वतःचे पैसे वाटताना ते अजून धरतात.

दुसरा मुद्दा दुसऱ्या कॉलेजच्या ऑफरचा. ती स्कॉलरशिप मेरिटची, म्हणजे गरज न बघता गुणवत्तेवर दिलेली आहे. पहिलं कॉलेज मेरिट देत असेल आणि दोन्ही साधारण एका तोलाची असतील, तर पत्राची प्रत जोडून विनंती करा. बऱ्याच ठिकाणी हा निर्णय एड ऑफिस नव्हे, अ‍ॅडमिशन ऑफिस घेतं. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारख्या आठ नामांकित विद्यापीठांत) मेरिट स्कॉलरशिप नसतेच, तिथे मेरिटचं पत्र दाखवून उपयोग नाही. तिथे गरजेवर आधारित मदतीची तुलना चालते. कॉर्नेलचं तर इतर आयव्ही कॉलेजांच्या तशा ऑफरशी जुळवून घेण्याचा प्रयत्न करण्याचं जाहीर धोरण होतं.

हे सगळं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवा. जागा पक्की करण्याचं डिपॉझिट साधारण १ मेपर्यंत भरायचं असतं; तोवर उत्तर येईलसं वाटत नसेल तर त्याला मुदतवाढ मागा, आणि ती ईमेलवर लेखी घ्या. डिपॉझिट भरल्यावर मेरिटची विनंती फारशी चालत नाही. नोकरीचं अपील मात्र नंतरही करता येतं.

तुमचं ग्रीन कार्ड आहे म्हणून फॅफ्साचा रस्ता खुला आहे. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं एच-४ व्हिसावर (एच-१बी धारकांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहेत त्यांना फेडरल मदत मिळत नाही, पण कॉलेजच्या स्वतःच्या पैशासाठी अपील त्यांनीही करावं.

नकार आला तर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही, कॉलेजचा निर्णय अंतिम असतो. मग ४६,००० विरुद्ध ४०,०००, चार वर्षांत २४,००० चा फरक, हेच समोर राहतं. आणि पॅरेंट प्लस लोनने (पालकांनी घ्यायचं फेडरल कर्ज) सगळं भागवू असं धरू नका: १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना एका मुलासाठी वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. होकार आला तर वाढवलेली रक्कम फक्त पहिल्या वर्षाची की चारही वर्षांची, हे लेखी विचारा. मिस्टरांना नोकरी लागल्यावर गरजेची मदत पुन्हा मोजली जाईल, ते गृहीत धरा.

मुलीलाही हे आकडे आजच दाखवा. कॉलेजचं उत्तर बहुधा तिच्याच पोर्टलवर येईल, आणि ऑफिसमधून फोन आला तर तिलाच बोलावं लागेल.