पंचविशीच्या आत नाव झालं नाही तर?

कोणी रील्स करतं, कोणी रॅप लिहितं, कोणी गेमिंगमध्ये असतं. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या या मुलांची तक्रार मात्र एकच, "सर, वय निघून चाललंय." सांगणाऱ्याचं वय बावीस-तेवीस!

उरणकडचा हा मुलगा त्यातलाच. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेलं, वडिलांच्या पैशांतून कंट्रोलर, म्हणजे डीजेचं गाणी मिसळायचं यंत्र, घेतलेला. रात्रभर हेडफोन लावून टेक्नोचे, म्हणजे यंत्रांवरच्या नाचाच्या संगीताचे, ट्रॅक बनवायचे, दुपारपर्यंत झोपायचं. आई सोबत आली होती. "याला जरा समजवा," एवढंच म्हणाली.

"डीजे मार्टिन गॅरिक्स 2016 मध्ये डीजे मॅग मासिकाच्या जगातल्या टॉप डीजेंच्या यादीत पहिला आला, सर. विसाव्या वर्षी. मला तेवीस पूर्ण झाली."

"डेव्हिड गेटा 2011 मध्ये त्याच यादीत पहिला आला, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता."

तो हसला. मी तयारी करून बसलोय, हे त्याला आवडलं असावं. पण एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. उशिरा यश मिळालेल्यांच्या गोष्टी सांगून फक्त मुदत वाढते; 'यश मिळालंच पाहिजे' हा हट्ट जागचा हलत नाही. इच्छा माणसाला कामाला लावते, हट्ट त्याची झोप उडवतो. माझं सगळं काम या फरकावर उभं आहे.

म्हणून मी त्याच्या शेवटच्या सेटबद्दल, म्हणजे डीजे म्हणून लोकांसमोर वाजवलेल्या कार्यक्रमाबद्दल, विचारलं.

"फ्लॉप गेला. कोणी नाचलं नाही."

"समोर कोण होतं?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "नीट बघितलं नाही. व्हिडिओ किती जणांनी पाहिला, ते बघत होतो."

"हळदीला वाजवतोस?"

"छे! तिथे बेंजो आणि कोळीगीतं. माझी लेव्हल वेगळी आहे."

मी त्याला एकच हळद घ्यायला सांगितलं. फोन खिशात ठेवायचा आणि कोण कधी उठतं, कधी बसतं, तेवढंच टिपायचं. कुरकुरत गेला, परत आला तो बोलतच.

"सर, एक मावशी खुर्चीतून हलत नव्हत्या. जुनं कोळीगीत लावलं आणि खालून माझी किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, हळूहळू सोडली. ठेका जुळेना, दोनदा गडबडलो. मग बसला. मावशी उठल्या! वेग मिनिटाला 124 ठोक्यांपर्यंत नेला तरी बसल्या नाहीत."

"तेव्हा तुझं वय किती होतं?"

तो थबकला. "आठवलंच नाही."

मला हवं होतं ते हेच. आधीच्या सेटमध्ये तो स्वतःला तपासत होता, इथे मावशींना बघत होता. परीक्षाच नव्हती, मग नापास कसा होणार?

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर राग वाजवून रेकॉर्ड काढली. तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीतासारखा, पण त्याच्या आधीचा तो आवाज ऐकून लोक चक्रावले. मुलांना मी त्यांचं उशिराचं कौतुक सांगत नाही. 1982 मध्ये त्यांना ते वाजवून बघावंसं वाटलं, हे सांगतो.

आईवडिलांनी 'कधी होणार तुझं?' हे विचारणं थांबवावं. 'काल काय वाजवलंस?' हे विचारावं. नवीन सामान वाजवून मिळालेल्या पैशांतूनच घ्यायचं, हे आधी ठरवावं. झोपेची वेळही ठरवावी, रात्रीचं काम असलं तरी. आणि पहिली खरेदी इअरप्लगची. 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो असं धरलं, तर 100 डेसिबलला कानांना जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात.