कोरड्या केसांतून फिरवलेल्या कंगव्यावर विद्युत प्रभार आहे, कापसावर नाही. तरी कापूस कंगव्याकडे का ओढला जातो?

आधी एक गैरसमज काढून टाका: घासल्याने प्रभार तयार होत नाही, तो फक्त जागा बदलतो. कोरड्या केसांतले थोडे इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण प्रभाराचे कण, प्लास्टिकच्या कंगव्यावर जातात. कंगवा ऋण, केस तेवढेच धन. (डोक्याला तेल चोपडलं असेल तर प्रयोग विसरा.)

आता बोंडातून काढलेला कापसाचा एक बारीक तंतू घ्या. त्यात धन आणि ऋण प्रभार सारखेच आहेत. ऋण कंगवा जवळ आला की तंतूच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन जरासे पलीकडे सरकतात. तंतू सोडून मात्र जात नाहीत. म्हणजे कंगव्याकडची बाजू किंचित धन झाली. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोमने १७८५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दोन प्रभारांमधलं अंतर दुप्पट झालं की बल एक चतुर्थांश उरतं. त्यामुळे जवळच्या धन बाजूचं आकर्षण दूरच्या ऋण बाजूच्या प्रतिकर्षणावर भारी पडतं आणि तंतू चिकटतो.

आपल्या विदर्भात हे जानेवारीत करा, अंधारात ब्लँकेट झटकलं की चटचट ठिणग्या उडतात त्या दिवसांत. पोळ्याच्या सुमारास, दमट हवेत, वस्तूवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटून जातो.