ग्राफिटीच्या जुन्या माहितीपटासाठी ४० हजार डॉलर: द्यावेत का, आणि कुठल्या खिशातून?

प्रश्न थोडक्यात असा. न्यूजर्सीत एडिसनला राहणारं मराठी जोडपं, दोघंही नोकरीत, मिळून वर्षाला साधारण २ लाख ४० हजार डॉलर उत्पन्न. मुलगी अकरावीत. तिच्या कॉलेजसाठी ५२९ खात्यात (शिक्षणाला वापरलं तर वाढीवर कर न लागणारं बचत खातं) १ लाख १८ हजार साठलेत, त्यातले ७० हजार स्वतः भरलेले, बाकी वाढ. हाताशी तीन महिन्यांचा खर्च. नवऱ्याने मुंबईत होस्टेलवर असताना न्यूयॉर्कच्या सबवेतल्या ग्राफिटीवरचा एक माहितीपट घासलेल्या व्हीएचएसवर पाहिला होता. त्या फिल्मच्या पुनरुज्जीवनासाठी आता पैसे गोळा होताहेत. दिग्दर्शक हयात नाहीत, त्यांचं कुटुंब मोहीम चालवतं, एकूण दीड लाख डॉलर हवेत. दोन पर्याय दिलेत: एका धर्मादाय संस्थेमार्फत देणगी द्या, किंवा पैसे 'गुंतवा', म्हणजे कमाईतून आधी १२० टक्के परत आणि मग नफ्यात हिस्सा. वाचकाला दुसऱ्या मार्गाने ४० हजार द्यायचेत, तेही ५२९ मधून. बायको म्हणते, पैसे गेले असं समजूनच दे. मोहीम चालू असल्यामुळे फिल्मचं नाव मी गाळलं आहे.

उत्तर:

तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. मात्र 'पैसे गेले असं समज' हे वाक्य ऐकून तुम्ही हिरमुसला असाल तर तसं कारण नाही. पैसे जाणार हे आधीच मान्य केलं, तर उलट ते अधिक चांगल्या रीतीने देता येतात. गोंधळ होतो तो 'मदतही होईल आणि वर २० टक्केही मिळतील' या मधल्या जागेत.

आधी या फिल्मचं मोल बोलू, कारण पत्रात तुम्ही जरा बचावाच्या सुरात लिहिलंय, जणू हा काही फालतू शौक आहे. तसा तो नाही. सत्तरीत आणि ऐंशीच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या गाड्यांवर पोरांनी रात्र-रात्र जागून जे रंगवलं, त्यातलं मूळ रूपात जवळजवळ काहीच उरलेलं नाही. डबे रासायनिक फवाऱ्याने धुतले जायचे, गाड्या उभ्या राहायच्या त्या यार्डांना काटेरी तारांची दुहेरी कुंपणं आली, मध्ये कुत्रे सोडले गेले आणि १९८९ मध्ये रंगवलेला शेवटचा डबाही सेवेतून काढला. मागे राहिले ते फोटो आणि मोजक्या फिल्मा. टोनी सिल्व्हर आणि हेन्री चॅलफंट यांची १९८३ ची 'स्टाइल वॉर्स' तुम्ही पाहिलीच असेल. त्यात महापौर एड कॉच तावातावाने बोलतात आणि स्कीम नावाच्या पोराची आई घरात त्याची हजेरी घेते. ग्राफिटी लिहिणारे, ती धुणारे, त्यांना पकडणारे, वैतागलेले प्रवासी, सगळे एका फिल्ममध्ये आहेत. बर्लिनपासून मुंबईपर्यंत ज्यांनी पुढे भिंती रंगवल्या, त्यातल्या कित्येकांनी अक्षरं वळवायला शिकली ती अशाच फिल्मा थांबवून-थांबवून. तेव्हा हौस आहे ती योग्य ठिकाणी आहे.

पण नाव आणि कमाई यांचा संबंध इथे फार क्षीण असतो. 'स्टाइल वॉर्स'ला १९८४ मध्ये, पुढे सनडान्स म्हणून ओळखल्या गेलेल्या महोत्सवात माहितीपटाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. एवढ्या गाजलेल्या फिल्मच्या जतनासाठीही पुढे चाहत्यांच्या देणग्यांची गरज पडली. मॅनफ्रेड किर्कहाइमर यांची 'स्टेशन्स ऑफ द एलिव्हेटेड' ही त्याच गाड्यांवरची ४५ मिनिटांची फिल्म. चित्रण १९७७ चं, न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात ती दिसली १९८१ मध्ये, आणि चित्रपटगृहांत रीतसर आली २०१४ मध्ये. निवेदन नाही, पण संगीत आहे चार्ल्स मिंगस आणि अरेथा फ्रँकलिन यांचं.

हा संगीताचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या 'गुंतवणुकी'ची नाडी तिथे आहे. त्या काळातल्या माहितीपटात सुरुवातीची रॅप गाणी, डिस्को, रस्त्यावर वाजणारा रेडिओ असं सगळं असतं. तेव्हा टीव्हीवर दाखवण्यापुरते हक्क घेतले असतील तर ते आज स्ट्रीमिंगला चालतीलच असं नाही. प्रत्येक गाण्यामागे दोन हक्क असतात, एक रचनेचा आणि एक ध्वनिमुद्रणाचा, आणि दोन्हींचे मालक बहुधा वेगळे. चित्र कितीही लखलखीत झालं तरी हे हक्क सुटल्याशिवाय फिल्म विकता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात संगीतासाठी एकही ओळ नाही. म्हणजे एक तर हक्क आधीच मिळालेत, किंवा त्याचा विचारच झालेला नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

आता हिशेब करू. समजा दीड लाख डॉलर सगळे याच पद्धतीने उभे राहिले. १२० टक्के म्हणजे १ लाख ८० हजार परत द्यायचे. फिल्म बाजारात आणायचा खर्च, म्हणजे पोस्टर, प्रती, प्रसिद्धी, सबटायटल्स वगैरे, ३० हजार धरा. वितरकाचं कमिशन ३० टक्के धरा. मग वितरकाच्या हातात ३ लाख डॉलर आल्यावर कुठे तुमचे ४८ हजार पूर्ण होतात. वितरकाच्या हातात म्हणतोय. चित्रपटगृह आपला वाटा त्याच्या आधीच कापून घेतं. चाळीस वर्षांपूर्वीचा तासाभराचा माहितीपट, ज्याच्या धूसर प्रती चाहत्यांनी आधीच शंभरदा पाहिल्यात, तो एवढं कमावेल? एखादा कमावेलही. मी त्यावर मुलीचं कॉलेज लावणार नाही.

शिवाय नफ्यात हिस्सा देऊ केला की कायद्याच्या नजरेत ते रोखे ठरतात. असे रोखे सर्वसामान्यांना विकायचे तर सहसा नोंदणीकृत क्राउडफंडिंग पोर्टलवरून जावं लागतं, नाहीतर 'अॅक्रेडिटेड' (कायद्याने सधन मानलेल्या) गुंतवणूकदारांपुरतं राहावं लागतं. त्यासाठी दोघांचं मिळून उत्पन्न सलग दोन वर्षं ३ लाखांच्या वर हवं, किंवा राहतं घर सोडून १० लाखांची मालमत्ता. तुम्ही उत्पन्नाच्या निकषात बसत नाही. तुमच्याकडे आलेला दोन पानी करार यातल्या कुठल्या वाटेने आला, हे त्यावर लिहिलेलं नाही. कुटुंबाचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगल्या हेतूची माणसंच असे करार घरी बसून टाइप करतात.

आणि हे पैसे बुडाले तर? तो भांडवली तोटा. दुसरा भांडवली नफा नसेल तर पगाराच्या उत्पन्नातून वर्षाला फक्त ३ हजार वजा करता येतात. ४० हजार असे वजा करून संपवायला तेरा वर्षांहून जास्त. देणगीची करसवलत त्याच वर्षी हातात येते. म्हणजे 'गुंतवणूक' हा पर्याय परतावा मिळाला नाही तर देणगीपेक्षाही महाग पडतो, आणि इथे परतावा न मिळणं हीच जास्त संभाव्य गोष्ट आहे.

५२९ ला हात लावू नका, हे वेगळं सांगायला नको होतं, पण पत्रात तुम्ही दोनदा विचारलंय. शिक्षणाव्यतिरिक्त ४० हजार काढले तर त्यातले साधारण १६ हजार २७० ही वाढ धरली जाईल. त्यावर आयकर, वर १० टक्के दंड. मिळून पाच हजारांहून जास्त गेले, आणि फिल्मला त्यातला एक छदामही मिळाला नाही. राज्याच्या विद्यापीठात राहण्या-जेवणासकट एक वर्ष जवळपास ४० हजारांतच पडतं. मुलगी दीड वर्षात जाणार आहे.

मग काय करावं? माझं मत: १० हजार, देणगी म्हणून, आणि रोख नव्हे.

तुमच्याकडे कंपनीचे शेअर पडून आहेत. ज्यांची मूळ किंमत ४ हजार आणि आजची १० हजार आहे, वर्षाहून जास्त काळ धरलेले आहेत, ते शेअर तसेच द्या. विकून पैसे दिलेत तर ६ हजार नफ्यावर १५ टक्क्यांनी ९०० डॉलर संघीय कर पडतो. शेअरच दिलेत तर तो पडत नाही आणि वजावट पूर्ण १० हजारांची. वजावटीला २०२६ पासून एक नवी अट आहे: उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची देणगी मोजली जात नाही. तुमच्या बाबतीत १,२०० डॉलर. उरलेल्या ८,८०० वर २२ टक्क्यांनी १,९३६ वाचतील. तुमचा मालमत्ता कर, राज्याचा आयकर आणि गृहकर्जाचं व्याज मिळून ३३ हजार होतात, म्हणजे जोडप्याला २०२६ साठी सरसकट मिळणाऱ्या ३२,२०० च्या प्रमाणित वजावटीच्या जेमतेम वर. म्हणून ही सवलत तुम्हाला लागू पडते. नाहीतर फार थोडी मिळाली असती. न्यूजर्सी राज्याच्या आयकरात मात्र यातून काही मिळणार नाही.

पैसे एकदम फिल्मच्या हवाली करू नका. शेअर आधी 'डोनर अॅडव्हाइज्ड फंड'मध्ये टाका, म्हणजे धर्मादाय संस्था चालवते अशा खात्यात, जिथून देणगी पुढे तुमच्या सूचनेनुसार जाते. सवलत या वर्षी पूर्ण मिळते, १,२०० ची कात्री एकदाच लागते आणि फंडातून टप्प्याटप्प्याने रक्कम सोडता येते. यातली एक अडचण आधीच सांगतो. फंडातून दिलेल्या पैशांच्या बदल्यात तुम्हाला काही घेता येत नाही. मोहिमेने कबूल केलेली कलाकाराच्या सहीची प्रिंट आणि प्रीमियरची तिकिटं सोडावी लागतील. श्रेयनामावलीत नाव यायला सहसा हरकत नसते, पण फंडाला आधी विचारा. प्रिंट हवीच असेल तर ती वेगळ्या, छोट्या रकमेने विकत घ्या.

टप्पे कसे पाडायचे? इथे फिल्मची थोडी तांत्रिक बाजू कामाला येते. १६ मिलिमीटरची ती रिळं अॅसिटेटची असणार. उष्ण, दमट जागी ठेवलेलं अॅसिटेट आंबू लागतं, डब्यातून व्हिनेगरचा वास येतो, आणि सुटलेलं आम्लच पुढची झीज वाढवतं. थंडीत ठेवून वेग कमी करता येतो, झालेलं नुकसान उलटवता येत नाही. आवाजाचे मॅग्नेटिक ट्रॅक बहुधा चित्राच्या आधी जातात. तेव्हा घाई आहे ती फक्त तपासणी, साफसफाई आणि स्कॅनिंगची. रंगसुधारणा, धूळ-चरे काढणं, नवं पोस्टर, प्रीमियर हे सगळं दोन वर्षांनी झालं तरी फिल्मचं काही बिघडत नाही. तुमच्या अंदाजपत्रकात मात्र प्रीमियर आणि प्रसिद्धीला स्कॅनिंगपेक्षा जास्त पैसे आहेत. हे मला अजिबात पटलेलं नाही.

आणखी एक. ७० मिनिटांची १६ मिमी फिल्म म्हणजे २,५२० फूट. मोहिमेच्या पत्रकात 'न वापरलेलं २० तासांचं चित्रण वाचवणार' असंही म्हटलंय. ते होतं ४३,२०० फूट, सतरापट. स्कॅनिंगचे दर फुटावर असतात. दिलेल्या रकमेत हे दोन्ही बसणं मला शक्य दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर जगाने न पाहिलेला भाग तोच आहे, म्हणून माझे पैसे असते तर ते मी आधी तिकडे वळवले असते.

जाता जाता, आपल्याकडचं उदाहरण. १९७६ चा 'मंथन' गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला होता. २०२४ मध्ये त्याची पुनरुज्जीवित प्रत कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली, आणि त्या कामाच्या पाठीशीही त्याच शेतकऱ्यांचा दूध महासंघ होता. जतनाचा खर्च बहुतेकदा ज्यांना ती फिल्म आपली वाटते तेच उचलतात, तिकीट-विक्री नाही. न्यूयॉर्कच्या या फिल्मबाबतही असाच कुणी मोठा धनी लागेल. अमेरिकेत नॅशनल फिल्म प्रिझर्वेशन फाउंडेशन अनुदान देतं, पण ते संग्रहालयं, ग्रंथालयं, विद्यापीठं अशा संस्थांना. खासगी कुटुंबाला नाही. कुटुंबाने मूळ रिळं एखाद्या चांगल्या अर्काइव्हकडे, म्हणजे फिल्मा जतन करणाऱ्या संग्रहाकडे, ठेवायला दिली, तर हा दरवाजा उघडू शकतो, आणि थंड कोठारही मिळतं. तुमच्या १० हजारांपेक्षा ही सूचना त्यांना जास्त उपयोगी पडेल. जरूर कळवा.

पहिले ४ हजार सोडण्याआधी मोहिमेला ईमेल करून इतकं मागवा: रिळांची स्थिती सांगणारा प्रयोगशाळेचा लेखी अहवाल, फिल्मचे हक्क कुणाच्या नावावर आहेत याचा कागद, वारसांच्या सह्यांसकट, संगीताच्या हक्कांची यादी, आणि धर्मादाय संस्थेचं नाव, म्हणजे ते करखात्याच्या संकेतस्थळावर तपासता येईल. ही संस्था मधला कट किती घेते तेही विचारा, ५ ते १० टक्के नेहमीचं आहे. देणगीच्या पत्रात 'स्कॅनिंगसाठी' असा उद्देश लिहिता येतो. उरलेले ६ हजार स्कॅन झालेल्या फाइलींच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी पोचल्यावर. महिन्याभरात हे कागद आले नाहीत तर रक्कम फंडात तशीच राहू द्या. ती दुसऱ्या कुठल्या फिल्मला देता येईल, फक्त तुम्हाला परत घेता येणार नाही.

आणि आकस्मिक निधी तीन महिन्यांवरून सहा महिन्यांवर नेल्याशिवाय हा आकडा १० हजारांच्या वर नेऊ नका. पुढच्या वर्षी बोनस चांगला आला आणि कागदपत्रं समाधानकारक असली, तर पुन्हा लिहा.