कॉलेजच्या जागा भरलेल्या असूनही शिक्षकांचे पगार का थकतात?

तुमचे भाऊ ज्या खासगी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात तिथे कॉम्प्युटरच्या जागा फुल्ल आहेत, तरी चार महिने पगार नाही. संस्थाचालक पैसे खातात का, असं तुम्ही विचारलंय. खाणारेही असतात. पण आधी जमाखर्चातली जमेची बाजू बघा, म्हणजे पैसा येतो कसा ते. मी अशाच एका विनाअनुदानित डिप्लोमा कॉलेजात हिशेब सांभाळतो.

१९८३ साली वसंतदादांनी खासगी तंत्रशिक्षणाला दार उघडलं, तेव्हापासून ही कॉलेजं फीवरच चालतात. फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरण मागचा खर्च बघून ठरवतं. आणि तालुक्याच्या गावात पूर्ण फी रोख भरणारी मुलं कितीशी? बाकीच्यांची महाडीबीटी या सरकारच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवरून येते: अर्ज, कॉलेजची छाननी, सरकारी खात्याची छाननी, मग निधी. तोवर पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू झालेले असतात. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. निर्णय उत्तमच, पण आधी निम्मं शुल्क तरी प्रवेशाला हातात पडायचं, आता तेही सरकारकडून येणं बाकी असलेल्या रकमेत जमा.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो. सात दिवसांत कॉलेजला भरायचा, असा नियम. घरी पीककर्ज थकलेलं असेल तर पैसे तिकडे जातात. मुलगा काउंटरवर येऊन म्हणतो, ‘सर, सोयाबीन गेलं की भरतो.’ त्याचं हॉल तिकीट अडवायला माझा तरी हात धजत नाही.

इकडे वीजबिल, तंत्रशिक्षण मंडळाचं संलग्नता शुल्क, पगार, सगळं तारखेला हवं. मेकॅनिकलला पंधरा मुलं असली तरी वर्कशॉप, लेथ, शिक्षक ठेवावेच लागतात. मग बँकेकडून ओडी (ओव्हरड्राफ्ट) काढायची आणि व्याज भरत बसायचं.

आता खाण्याचं. भावांना एकच गोष्ट बघायला सांगा: शिष्यवृत्तीची मोठी रक्कम जमा झाली, त्या महिन्यात थकलेले पगार निघाले का? नसतील निघाले आणि त्याच संस्थेच्या फार्मसीची नवी इमारत उभी राहत असेल, तर तुमची शंका रास्त आहे. शुल्क प्राधिकरणाला दिलेल्या फीच्या प्रस्तावात संस्थेने पगाराचा खर्च दाखवलेला असतो. तो आकडा माहिती अधिकारात मागा, आणि भावांच्या पासबुकाशी जुळला नाही तर दोन्ही कागद जोडून तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांकडे लेखी तक्रार करा. एकट्याने नको, सगळ्या शिक्षकांच्या सह्या घेऊन.