मेकॅनिक म्हणतो ‘गॅस संपलाय’. घरच्या डीप फ्रीझरमध्ये गॅस भरून घ्यावा का?

नका भरू. निदान आज तरी नका.

तुम्ही लिहिलंय की मागच्या कोपऱ्यात बर्फाचा जाड थर आहे, वरचे डबे मऊ पडतात, मशीन रात्रंदिवस थांबत नाही आणि मेकॅनिक साडेतीन हजारात गॅस भरून देतो म्हणतो, कारण ‘दोन-तीन वर्षांनी भरावाच लागतो’. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

गॅस संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. कुठे भोक पडलं तरच बाहेर जातो. भोक असेल तर आधी ते बुजवायचं आणि मग गॅस भरायचा. भोक नसेल तर गॅस भरायचा कशाला? हे मी आमच्या घरात इतक्यांदा बोललेय की सासूबाई आता माझं वाक्य पुरं करतात.

आमचं घर दापोली तालुक्यात, खाऱ्या वाऱ्यात. फ्रीझर पडवीत असतो. मार्च-एप्रिलचे ओले काजूगर, मे महिन्यातला आंब्याचा रस आणि १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत हर्णै बंदरावरून आणलेली सुरमई-कोळंबी, सगळं त्यातच. बंदी ३१ जुलैपर्यंत, तोवर त्यावर भागवायचं. त्यामुळे आमचा फ्रीझर बिघडायचा तो मे महिन्यातच, गळ्यापर्यंत भरलेला असताना.

एका वर्षी अगदी तुमच्यासारखंच झालं होतं. मागचा उजवा कोपरा बर्फाने भरलेला, वरच्या रसाच्या पिशव्या दाबल्या तर बोट आत जाई. माझे दीर ठाण्याला असतात, मे महिन्यात मुलांना घेऊन येतात. त्यांनी झाकण उघडलं, आत हात फिरवला आणि सांगून टाकलं, ‘गॅस गेलाय.’ मी म्हटलं, ‘भाऊजी, गॅस गेलाय तर एवढा बर्फ कुठून आला?’ त्यावर उत्तर काय, तर ‘वहिनी, तुम्ही रसाचं बघा, मशीनचं मी बघतो.’

मग त्यांच्या ओळखीचा एक मेकॅनिक आला. त्याने मागची जाळी काढली, कॉम्प्रेसरच्या चार्जिंगच्या (गॅस भरायच्या) नळीला भोक पाडून पिन वॉल्व्ह आवळला, बाटली जोडली आणि गेजकडे बघत गॅस सोडला. लीक शोधला नाही, नळीतली ओल-कचरा टिपणारा फिल्टर बदलला नाही, व्हॅक्यूम (पंपाने नळीतली हवा-ओल ओढून काढणं) तर नाहीच नाही. मी चहा घेऊन येईपर्यंत त्याची पिशवी भरून झाली होती. त्या रात्री फ्रीझर झकास चालला. चालणारच! गॅस भरायचा म्हणून आम्ही तो रिकामा करून बंद ठेवला होता आणि बर्फ सगळा वितळून गेला होता. हे मी तेव्हाच बोलले होते, पण मला मशीनमधलं काय कळतं.

पुढच्या मे महिन्यात परत तेच. भाऊजी परत ठाण्याहून, मेकॅनिक परत तोच. आणि या खेपेला गॅस खरोखरच कमी निघाला. झालं, भाऊजींना पुरावा मिळाला! ‘बघा, वर्षभरात संपतो.’ हे त्यांनी पुढे दोन लग्नांत आणि एका बारशात मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं.

त्यानंतरच्या वर्षी मी मे उजाडायची वाटच पाहिली नाही. फेब्रुवारीत, घरात पाहुणे नसताना, खेडहून एक वयस्कर मेकॅनिक काका बोलावले. त्यांनी गॅसची बाटली बाहेरच काढली नाही. आधी वाटीभर साबणाचा फेस मागितला. पिन वॉल्व्हच्या टोपणाभोवती काळी तेलकट धूळ चिकटली होती, तिथे त्यांनी बोटाने फेस लावला. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही किंचित झिरपतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून नळीवर असा डाग दिसला की पहिला संशय तिथेच घ्यायचा, असं ते म्हणाले. म्हणजे गॅस भरण्यासाठी जो वॉल्व्ह बसवला, त्यातूनच गॅस जात होता.

‘मग पहिल्या वर्षी काय झालं होतं?’ मी विचारलं. काकांनी माझाच मोबाइल घेतला, टॉर्च लावून रिकाम्या फ्रीझरमध्ये ठेवला, झाकण लावलं आणि पडवीतला दिवा घालवला. मागच्या उजव्या कोपऱ्यात झाकणाच्या रबराखालून उजेडाची रेघ! त्या बाजूची बिजागरी वाकलेली होती.

ती का वाकली यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मोबाइलला रेंज फक्त पडवीच्या त्याच कोपऱ्यात येते, आणि भाऊजी मेभर फ्रीझरच्या झाकणावर बसून फोनवर बोलतात. त्यांचं म्हणणं, नारळाच्या पोत्याने वाकली. पोतं आम्ही ठेवत होतो हे खरं, पण ते पुढच्या डाव्या बाजूला, आणि पोतं बोलताना पाय हलवत नाही.

काकांनी पिन वॉल्व्ह कापून टाकला, फिल्टर नवा घातला, व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालू ठेवला (नळीत ओल राहिली तर कॅपिलरीच्या, म्हणजे केसासारख्या बारीक नळीच्या, तोंडाशी गोठते आणि मशीन चोक होतं, म्हणजे गॅसची वाट तुंबते), मग गॅस काट्यावर मोजून भरला आणि चार्जिंगची नळी दाबून डाग देऊन (झाळून) बंद केली. रबर आणि बिजागरी नवी. सकाळी सुरू केलेलं काम दुपारच्या जेवणानंतर संपलं. त्यानंतर गॅसचं नाव निघालेलं नाही. भाऊजींचं यावर म्हणणं काय, तर ‘म्हणजे शेवटी गॅस भरलाच ना!’

आता तुमच्या फ्रीझरकडे येते. बर्फ म्हणजे बाहेरून आत गेलेल्या हवेतली ओल. एकाच कोपऱ्यात, झाकणाच्या कडेला बर्फ साचत असेल तर मला रबराचाच संशय येतो. टॉर्च लावून बघा, किंवा झाकणात दहाची नोट धरून ओढा. सगळीकडे अडकली आणि तिथे सटकन निघाली तर चोर सापडला. रबर कडक झालं असेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून, ओढून बसवता येतं. फाटलं असेल तर बदला, गॅसपेक्षा स्वस्त पडतं. बर्फाचा थर बोटभर झाला की तो थंडी मालापर्यंत पोचू देत नाही, म्हणून वरचे डबे मऊ पडतात आणि मशीन थांबत नाही.

तेव्हा आधी बर्फ काढा. प्लग काढायचा, तळाचं बूच उघडायचं, आत फडक्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि झाकण उघडं टाकून पंखा लावायचा. सुरी, कोयती, उलथनं काही लावायचं नाही. या फ्रीझरच्या थंड नळ्या आतल्या पत्र्याला लागूनच असतात. भोक पडलं तर ते फोमच्या आत, आणि तिथली दुरुस्ती बहुतेक वेळा परवडत नाही. आमच्या एका नातेवाइकांनी (कोणी ते सांगत नाही, ठाण्याला असतात) एकदा कोयती उचलली होती, सासूबाईंनी हातातून काढून घेतली.

मग कोरडं पुसा आणि रिकामाच रात्रभर चालवा. सकाळी चारही भिंतींवर पातळ, सारखं दव गोठलेलं असेल आणि साधा थर्मामीटर उणे अठराच्या आसपास दाखवत असेल तर गॅस शाबूत आहे, मेकॅनिकला नमस्कार सांगा. एकाच पट्ट्यात बर्फ आणि बाकी भिंती नुसत्या ओल्या, शिवाय बाहेरून बाजूचा पत्रा कोमटसुद्धा नाही, असं असेल तर मात्र गॅस कमी आहे किंवा चोक आहे. (बाजूचा पत्रा गरम लागतो म्हणून घाबरू नका, बऱ्याच डीप फ्रीझरमध्ये उष्णता तिथूनच बाहेर जाते. म्हणून भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही आणि बाजूला पोती रचायची नाहीत.) भरणारा माणूस लीक कुठे आहे ते दाखवणार नसेल, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार नसेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

हे सगळं लिहून झाल्यावर काही गोष्टी आठवल्या. थर्मोस्टॅटशेजारी फ्रीझर-कूलरचा खटका असेल तर तो कोणी कूलरवर (म्हणजे साध्या फ्रीजसारखं नुसतं गार करण्यावर) तर केला नाही ना, ते सगळ्यात आधी बघा. मशीन सुरू व्हायला जातं, घुंई करतं आणि टक् करून बंद पडतं असं वारंवार होत असेल तर तो रिले, कपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू करून देणारे भाग) किंवा कमी व्होल्टेजचा प्रश्न. वरचं माझं पुराण तिथे लागू नाही. लाइट ये-जा करणारी असेल तर उशिरा चालू होणारा स्टॅबिलायझर लावा, कारण लाइट आल्या आल्या कॉम्प्रेसरवर जोर येतो.

लाइट गेल्यावर झाकण उघडून बघायचा मोह आवरा. गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर साधारण ४८ तास निघतात, अर्धा असेल तर २४. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमच्याकडे लाइट गेली ती लवकर यायची नाही हे पडलेले खांब बघूनच कळलं होतं. तेव्हा दुसऱ्याच दिवशी मासे आळीत वाटून टाकले. अशा वेळी ४८ तासांचा हिशोब धरून बसण्यात अर्थ नसतो.

आणि मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव बघा. आर ६००ए असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, अगदी मोजका भरलेला असतो. तो असताना कोणालाही नळीला डाग द्यायला बसवू नका, हे काम येतं अशाच माणसाला बोलवा. स्टिकरवर काय लिहिलंय ते कळवा, मग पुढचं सांगते. झाकणावर कोणी बसतं का, तेही खरं खरं सांगा.