वजन ८२० ग्रॅम, आठवडे २६: आता पुढे काय?

अठ्ठावीस आठवड्यांच्या आत किंवा एक किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या मुलांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमची मुलगी २६व्या आठवड्यात जन्मली, तेव्हा ८२० ग्रॅमची होती. आता नऊ महिने पूर्ण झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. घरात सगळे म्हणतात, मागे पडली. खरंच तसं आहे का?

आधी वजाबाकी करा. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. तुमची मुलगी १४ आठवडे आधी आली. नऊ महिन्यांचे साधारण ३९ आठवडे होतात. त्यातून १४ गेले, उरले २५. म्हणजे विकासाच्या हिशेबाने ती पावणेसहा महिन्यांची आहे, आणि पावणेसहा महिन्यांचं बाळ बसत नाही म्हणून कोणी काळजी करत नाही. याला सुधारित वय म्हणतात. वजाबाकी नेहमी ४० मधूनच करायची. '३७ आठवड्यांना दिवस भरतात' असं धरून ३७ मधून केली तर तीन आठवड्यांचा घोळ होतो, आणि पहिल्या वर्षात तीन आठवडे थोडेथोडके नसतात.

मान धरणं, पालथं पडणं, बसणं, बोलणं, वजन-उंचीचे तक्ते, वरचं अन्न, हे सगळं सुधारित वयाप्रमाणे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे. 'अजून लहान आहे' म्हणून त्या पुढे ढकलणं ही नेहमीची चूक आहे, कारण गोवर-डांग्या खोकल्याचा धोका या मुलांना कमी नाही, जास्त आहे. (हिपॅटायटिस बीची जन्मानंतरची मात्रा हा अपवाद. बाळ दोन किलोच्या आत असेल तर ती कधी द्यायची हे आईच्या रक्ततपासणीवर ठरतं.) दोन वर्षांनंतर ही वजाबाकी सहसा थांबवतात.

पण याच वजाबाकीचा उलटा उपयोगही होतो. 'अपुऱ्या दिवसांचं आहे, करेल हळूहळू' असं म्हणत कितीतरी मुलं उपचारांपर्यंत उशिरा पोचतात. सुधारित वयाने चार महिने उलटूनही मुठी घट्ट मिटलेल्या राहणं, लंगोट बदलताना मांड्या फाकवायला जोर लागणं, नऊ महिन्यांना बसता न येणं, दीड वर्षाला न चालणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका. आणखी एक खूण घरात हमखास चुकीची वाचली जाते. बाळ खुळखुळा दर वेळी उजव्याच हाताने घेतं, 'बघा, आत्ताच उजवा हात ठरला!' असं कौतुक होतं. वर्षाच्या आत असा हात ठरत नसतो. ठरल्यासारखा दिसला, तर प्रश्न डाव्या हाताचा आहे. तो तपासून घ्या. आणि पायांत ताठरपणा असलेल्या बाळाला चाकांच्या वॉकरमध्ये बसवू नका. त्यात ते चवड्यांवर रेटा देऊन पुढे जातं, म्हणजे जी सवय मोडायची तीच पक्की होते.

प्रश्न: डिस्चार्ज कार्डावर 'मेंदूच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना ग्रेड २ रक्तस्राव' असं लिहिलंय. मुलगा पुढे चालेल का?

मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला एक नाजूक थर असतो. नव्या पेशी तिथे तयार होतात आणि साधारण ३४ आठवड्यांपर्यंत तो विरून जातो. त्याआधी जन्मलेल्या बाळात रक्तदाब किंवा श्वास वरखाली झाला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच. रक्त त्या थरापुरतंच राहिलं तर ग्रेड १. पोकळीत उतरलं पण पोकळी फुगली नाही तर ग्रेड २. रक्ताने पोकळी फुगली तर ग्रेड ३, आणि शेजारच्या मेंदूलाच इजा झाली तर ग्रेड ४. पुढच्या अपंगत्वाचा धोका खरा चढतो तो ३ आणि ४ मध्ये. ग्रेड २ झालेली बहुतेक मुलं चालतात.

मात्र या कार्डावर रक्तस्रावाइतकीच महत्त्वाची दुसरी एक नोंद शोधा: पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला झालेली इजा, म्हणजे पीव्हीएल. तिच्या गाठी, म्हणजे पाण्याने भरलेल्या छोट्या पोकळ्या, दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यातली स्वच्छ सोनोग्राफी पुरेशी नसते. ३६ ते ४० आठवड्यांच्या सुमारास (जन्मापासून नव्हे, गर्भारपणाच्या सुरुवातीपासून मोजून) पुन्हा केलेली आहे ना, ते पाहा. पायांकडे जाणारे मज्जातंतू पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात, हातांचे जरा दूरून. या मुलांत सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व) झाली तर ती हातांपेक्षा पायांत जास्त का दिसते, त्याचं कारण हे.

अंदाज बांधायला सोनोग्राफीहून चांगली खिडकी सुधारित तीन महिन्यांना उघडते. त्या वयात निरोगी बाळाच्या मान, मनगट, घोट्यांत सतत बारीक, सगळ्या दिशांनी वळवळ चालू असते. ती अजिबात नसेल तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता बरीच वाढते. प्रशिक्षित डॉक्टर किंवा थेरपिस्ट व्हिडिओवरूनही हे सांगू शकतात, आणि व्हिडिओ घरी काढता येतो. बाळाला साध्या चादरीवर उताणं ठेवा, हातपाय उघडे. बाळ जागं हवं, पण रडतं नको आणि भुकेलंही नको. तोंडात चोखणी नको, हातात खेळणं नको, समोरून बोलू नका. वरून सगळं अंग दिसेल असा तीन ते पाच मिनिटांचा तुकडा घ्या. बहुतेक व्हिडिओ वाया जातात ते आजूबाजूचं कोणीतरी बाळाशी बोलत असतं म्हणून. बाळ आवाजाकडे पाहायला लागतं आणि ही हालचाल थांबते.

पहिल्या वर्षात काही मुलांचे पाय आणि पाठ ताठ वाटतात आणि सुधारित दीड वर्षापर्यंत तो ताठरपणा आपोआप जातो. त्यामुळे एका भेटीतल्या तपासणीवर कायमचं नाव चिकटवायला अनुभवी डॉक्टर कचरतात. व्यायाम सुरू करायला मात्र नाव ठरण्याची वाट पाहावी लागत नाही. एक आकडा हवाच असेल तर: अमेरिकेत २०१३ ते २०१८ या काळात २७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या आणि दोन वर्षांच्या सुमारास तपासलेल्या मुलांत मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सी ८.४ टक्क्यांत आढळली.

प्रश्न: डोळ्यांचा पडदा दोनदा तपासला, दोन्ही वेळा 'ठीक आहे' म्हणाले. तरी पुन्हा पुन्हा का बोलावतात?

कारण ते 'ठीक' त्या दिवसापुरतं असतं. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात आणि कानाकडच्या कडेला पोचायला त्यांना ४० आठवडे किंवा थोडं अधिकही लागतं. मधल्या काळात त्या कधीही वेड्यावाकड्या वाढू शकतात. ३२व्या आठवड्यातला चांगला अहवाल म्हणजे आजार टळला असं नव्हे, अजून सुरू झालेला नाही, इतकंच. 'पडद्याची वाढ कडेपर्यंत पूर्ण' असं लिहून मिळालं की थांबायचं. उपचाराची गरज निघालीच तर दोन-तीन दिवसांत लेझर किंवा इंजेक्शन द्यावं लागतं. 'पुढच्या आठवड्यात बघू' चालत नाही. इंजेक्शन दिलेल्या बाळांत आजार काही महिन्यांनीही परत डोकं वर काढतो, म्हणून त्यांच्या फेऱ्या जास्त काळ चालतात. तपासणीच्या अगदी आधी दूध पाजू नका, उलटी होते. पडद्याची तपासणी संपली तरी चष्मा आणि तिरळेपणा यांसाठी पुढेही, शाळेत जाईपर्यंत, डोळे अधूनमधून दाखवावेत.

प्रश्न: कानाच्या मशीनवर 'पास' आलं आहे. पुरेसं आहे ना?

कोणतं मशीन, ते विचारा. ओएई फक्त आतल्या कानाचं काम पाहते. पुढची नस बिघडलेली असली तरी 'पास' दाखवते. काचपेटीत राहिलेल्या बाळाची बेराच, म्हणजे कानापुढची नसही पाहणारी चाचणी, व्हायला हवी. तीही पास झाली तरी सुधारित नव्हे, जन्मापासूनच्या नऊ महिन्यांच्या सुमारास एकदा फेरतपासणी करून घ्या.

प्रश्न: लोहाचे थेंब चालू आहेत, वजनही वाढतंय. आणखी जोरात वाढवायला काही द्यावं का?

आधी थेंबांचा हिशेब पाहू. लोह रोज दर किलोमागे २ ते ४ मिलिग्रॅम लागतं. बाळ घरी आलं तेव्हा १.६ किलोचं होतं, दोनच्या हिशेबाने मात्रा ३.२ मिलिग्रॅम लिहिली गेली. आता बाळ चार किलोचं झालं आणि मात्रा तीच. म्हणजे हवं त्याच्या निम्म्याहून कमी लोह मिळतंय आणि घरात सगळ्यांना वाटतंय की औषध नियमित चालू आहे. दर भेटीला वजनाप्रमाणे मात्रा बदलून घ्या. बाटलीवर क्षाराचं वजन आणि प्रत्यक्ष लोह असे दोन आकडे असतात. मात्रा प्रत्यक्ष लोहावर काढायची. ड जीवनसत्त्व वेगळं, रोज निदान ४०० युनिट.

वजन जोरात वाढवायची गरज नाही. पहिल्या वर्षात डोक्याचा घेर वाढतोय का, हे जास्त पाहा. टेप भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर जागेवरून, तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. घेर तक्त्यावरच्या आपल्या रेषेच्या खाली उतरत चालला तर पोषण पाहावं लागतं. रेषा ओलांडून वर चढत असेल आणि टाळू फुगलेली असेल, तर मेंदूत पाणी साठतंय का ते त्याच दिवशी पाहावं लागतं. नुसतं वजन भराभर चढून पोट सुटलं, तर पुढच्या रक्तदाब-मधुमेहाला ते निमंत्रणच.

प्रश्न: थंडी-खोकला झाला की छाती भरते. दोनदा ॲडमिट करावं लागलं. दमा आहे का?

गर्भारपणाच्या सुरुवातीपासून मोजलेल्या ३६ आठवड्यांनाही ऑक्सिजन लागत होता अशा मुलांत हे नेहमी दिसतं. त्यांच्या श्वासनळ्या अरुंद आणि फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्या कमी असतात. हा नेहमीचा दमा नसल्याने दम्याचं औषध प्रत्येकाला सारखंच लागू पडत नाही. पहिल्या दोन वर्षांत आरएसव्ही हा विषाणू यांना विशेष पाडतो. त्याविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनाबद्दल विचारून ठेवा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बाकी सगळी काळजी अर्धी वाया जाते.

प्रश्न: मुलगा सात वर्षांचा आहे, २५ आठवड्यांचा जन्म. दोन वर्षांचा असताना विकासाची चाचणी उत्तम आली होती. बोलतो छान, वाचतो, पण गणितात अडखळतो आणि वर्गात तंद्री लागते. बाई म्हणतात, आळशी आहे.

आळशी नसावा. दोन वर्षांच्या चाचणीत गणित नसतं, लक्ष टिकवणं जेमतेम मोजलं जातं. ज्या गोष्टी मोजल्याच नाहीत त्या नंतर उघड होतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा 'एपिक्युअर' अभ्यास यासाठी वाचण्याजोगा आहे. सहा वर्षांच्या वयात वर्गसोबत्यांशी तुलना केली, तर २२ टक्के मुलांना तीव्र, २४ टक्क्यांना मध्यम आणि ३४ टक्क्यांना सौम्य अडचण होती. २० टक्क्यांना काहीच नव्हती. तेव्हापासून उपचार बदलले आहेत, पण सौम्य अडचणीचा गट सर्वांत मोठा ही गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी, कारण शाळेत 'आळशी' ठरतो तो हाच गट. उलटही घडतं: एक किलोच्या आतल्या मुलांच्या एका अभ्यासात वीस महिन्यांना ३९ टक्के मुलं बौद्धिकदृष्ट्या बरीच मागे ठरली होती, आठ वर्षांना १६ टक्केच.

गणितच का? ४७ आणि ३८ ची बेरीज घ्या. सात आणि आठ पंधरा, पाच खाली, हातचा एक. तो हातचा डोक्यात धरून पुढची बेरीज करायची असते. या मुलांची ही धरून ठेवण्याची जागा लहान असते आणि वेगही कमी असतो. पुढची बेरीज होईतो हातचा निसटतो. मुलाला बेरीज येत असते, उत्तर मात्र ७५ येतं. म्हणून हातच्यासाठी वर वेगळी चौकट आखून तो लिहायलाच लावा. चौकटींची वही द्या, म्हणजे एकक-दशक घसरत नाहीत. पानावर दहाऐवजी चार गणितं. वर्गात 'वही काढा, तारीख टाका, पान २२ उघडा, तिसरं गणित सोडवा' ही चार कामं एका दमात सांगितली, तर तो तारखेवर थांबलेला असतो. एका वेळी एक सांगायला बाईंना सुचवा. परीक्षेत जादा वेळ मागा.

यांचं अवधान सुटतं ते बहुधा चळवळ न करता. खिडकीबाहेर पाहणारं शांत मूल कोणाला त्रास देत नाही, म्हणून त्याची तक्रारही येत नाही. डोळे-कान पुन्हा तपासून मानसशास्त्रज्ञांकडून स्मरण, वेग आणि अवधान यांच्या वेगवेगळ्या चाचण्या करून घ्या. नुसता बुद्ध्यांक विचारू नका, सरासरीत नेमकं हेच झाकलं जातं. एक वर्ष मागे ठेवून हातचा निसटायचा थांबत नाही.

प्रश्न: मी स्वतः ९०० ग्रॅमची जन्मले होते, आता १९ वर्षांची आहे. तब्येत चांगली आहे. काही तपासत राहायला हवं का?

हो, मुख्यतः रक्तदाब. मूत्रपिंडातल्या गाळण्या गर्भातच बनतात, निम्म्याहून अधिक शेवटच्या तीन महिन्यांत, आणि ते महिने तुम्हाला मिळाले नाहीत. कमी गाळण्यांवर जास्त भार पडतो. वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, दंडाच्या मापाचा पट्टा लावून. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर आकडा खोटा कमी येतो. अंगदुखीच्या गोळ्या मनाने आठवडेच्या आठवडे घेऊ नका. धूम्रपान अजिबात नको, कारण फुप्फुसाची राखीव क्षमता आधीच थोडी कमी असू शकते.

आयुष्याच्या दर्जाबद्दल विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो. कॅनडाच्या ऑन्टारिओत १९७७ ते १९८२ दरम्यान ५०१ ते १००० ग्रॅम वजनाने जन्मलेल्यांना डॉ. सरोज सैगल आणि सहकाऱ्यांनी विशीत गाठलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या आयुष्याला दिलेले गुण पूर्ण दिवसांच्या समवयस्कांइतकेच होते. पुढे गर्भारपण आलं तर पहिल्याच भेटीत तुमचं जन्मवजन आणि आठवडे सांगा. अशा स्त्रियांना गर्भारपणातला रक्तदाब आणि लवकर प्रसूती यांचा धोका काहीसा जास्त असतो, आणि हे डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. आईकडे तुमचं जुनं डिस्चार्ज कार्ड असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा.